कंदिलाची काच

आमच्या घरात देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात एक दगड आहे. नारळाएवढा. मागून पाहाल तर काळा, खडबडीत, चुलीत भाजलेल्या वांग्यासारखा. पुढून मात्र त्याला पोकळी आहे, आणि त्या पोकळीत फिकट गुलाबी पाकळ्यांच्या गादीवर सात स्वच्छ, पाणीदार स्फटिक बसलेत. दसऱ्याला पहार, कोयता, विळा यांच्याबरोबर त्याच्यावरही झेंडूचं फूल पडतं. का, ते कुणी विचारत नाही. घरात त्याचं नाव एकच : नानांचा दगड. नाना म्हणजे माझे वडील. विहीर खणताना तो त्यांना सापडला.

तर पोरांनो, ही गोष्ट आहे त्या दगडाचा फोटो काढण्याची. मी पस्तीस वर्षं तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ चालवला. बोहल्यावरच्या नवरदेवापासून दहावीच्या हॉलतिकिटापर्यंत हजारो चेहऱ्यांना ‘हनुवटी जरा खाली’ म्हणून सांगितलं. दगड तर हनुवटीही हलवत नाही. त्याचा फोटो म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मला वाटत होतं. तो फोटो निघायला तीन रात्री लागल्या.

मे महिन्यात नातवंडं सुट्टीला आली होती. ताई दहावीत जाणार होती, छोटू सहावीत. एका दुपारी नागपूरहून अक्काचा फोन आला. अक्का माझी थोरली बहीण. तिच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं.

“अरे, सगळं जग धुऊन वाळत घातल्यासारखं दिसतंय,” ती म्हणाली. “पांढरं इतकं पांढरं असतं, हे मी विसरलेच होते. नानांचा दगड बघावासा वाटतोय रे. फोटो धाड.”

छोटूने ताईचा मोबाइल उचलला, कोनाड्यासमोर उभा राहिला, लखकन् फ्लॅश उडाला आणि फोटो नागपूरला गेलासुद्धा. दोन मिनिटांत अक्काचं उत्तर आलं : ‘हा कुठला बटाटा?’

मी फोटो पाहिला. अक्काचं काही चुकलं नव्हतं. पाकळ्या सपाट, स्फटिक पिठूळ, आणि मधोमध फ्लॅशचा पांढरा डाग.

“मोबाइल बिघडलाय,” छोटू म्हणाला.

“मोबाइल चांगला शहाणा आहे. उजेड चुकीच्या जागी उभा आहे. रात्री जेवण झालं की गच्चीवर चला, दाखवतो.”

त्या रात्री अष्टमीचा अर्धा चंद्र होता. मी दुर्बीण छोटूच्या हातात दिली. “उजेड जिथे संपतो आणि अंधार सुरू होतो ना, त्या रेघेवर बघ.”

“आजोबा, खळगे! केवढे खळगे दिसतायत!”

“आणि आता उजळ बाजूच्या कडेकडे बघ.”

“तिकडे नाहीयेत.”

“आहेत. तिकडेही तेवढेच आहेत. पण तिकडे उजेड समोरून पडतोय. पौर्णिमेला तर चंद्र सगळाच तसा दिसतो, थाळीसारखा. कारण तेव्हा सूर्य आपल्या पाठीमागे असतो. चंद्रावरच्या प्रत्येक डोंगराची सावली त्या डोंगराच्याच पाठीमागे लपते, आपल्याला दिसतच नाही. सावली नाही, तर उंची कळणार कशावरून? अर्ध्या चंद्राच्या ह्या रेघेवर मात्र सूर्य नुकता उगवतोय किंवा मावळतोय. तिथे उजेड तिरका येतो आणि लहानशा टेकाडाचीही सावली लांबच लांब पडते. १६०९ साली इटलीत गॅलिलिओने दुर्बीण चंद्राकडे वळवली, तेव्हा त्याला ह्या रेघेच्या अंधाऱ्या बाजूला सुटे चमकते ठिपके दिसले. त्याने ओळखलं, ही डोंगरांची शिखरं. पायथ्याशी अजून रात्र आहे आणि माथ्यावर ऊन पडलंय. सह्याद्रीत पहाटे दिसतं ना, तसंच. आणि ते ठिपके रेघेपासून किती लांब आहेत, ह्यावरून त्याने डोंगरांची उंचीसुद्धा मोजली.”

ताईच्या डोक्यात तोवर उजेड पडला होता. “म्हणजे मोबाइलचा फ्लॅश भिंगाला चिकटून असतो, म्हणून छोटूने दगडाची पौर्णिमा केली!”

“शाब्बास. आता आपण त्याची अष्टमी करू.”

खाली आलो. खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या. दगड स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला आणि चित्रकलेच्या मऊ कुंचल्याने त्याच्यावरची धूळ झटकली. जवळून काढलेल्या फोटोत धुळीचा कण दगडाहून मोठा दिसतो, आणि असले नाजूक स्फटिक फडक्याने पुसायचे नसतात, त्यांच्यावर ओरखडे पडतात. अंधारात मोबाइलला उजेड गोळा करायला वेळ लागतो, तेवढा वेळ तो हलता कामा नये. म्हणून गव्हाने भरलेली कापडी पिशवी ठेवून तिच्यात मोबाइल रुतवला आणि तीन सेकंदांचा टायमर लावला. बोटाचा धक्कासुद्धा नको.

दिवा मालवला. छोटूने बॅटरी दगडाच्या समोर धरली : बटाटा. ती हळूहळू बाजूला नेत नेत पार ओट्याच्या पातळीला आणली, आणि ताई ओरडलीच. गुलाबी पाकळ्या एकेक करून उठून बसत होत्या. आत्तापर्यंत जी गुळगुळीत साय वाटत होती, तिच्यात गव्हाच्या पेंढ्या मधोमध बांधाव्यात तसे जुडगे होते, आणि प्रत्येक जुडग्यात कागदासारखी पातळ पानं.

“आपल्या सिन्नरच्या गोंदेश्वराला भर दुपारी गेलं तर काळ्या दगडातली शिल्पं झोपलेली असतात,” मी म्हणालो. “तीच सकाळच्या उन्हात जागी होतात. झिजलेल्या शिलालेखावर दिवसा काही वाचता आलं नाही, तर जाणकार माणसं रात्री बॅटरी घेऊन येतात आणि अशीच आडवी धरतात. अक्षराची कडा उंदराच्या दाताएवढी उरली असली तरी तिची सावली पडते. इंग्रजीत फोटोच्या विद्येला प्रकाशाचं नाव दिलं, आपण मात्र म्हणतो छायाचित्र. मला आपलं नाव जास्त खरं वाटतं.”

फोटो नागपूरला गेला. उत्तर आलं : ‘पाकळ्या ओळखल्या. पण काचा मेल्यासारख्या का दिसतायत?’

ताई खट्टू झाली. मी म्हटलं, “अक्काचे डोळे नवे आहेत. ती आता सोडायची नाही.”

दुसऱ्या रात्री आम्ही स्फटिकांच्या मागे लागलो.

पारदर्शक वस्तूचा फोटो काढणं म्हणजे वाऱ्याचा फोटो काढण्यासारखं आहे. वारा दिसत नाही, हलणारी फांदी दिसते. काचही दिसत नाही, तिच्यात पडलेलं दुसऱ्या कशाचं तरी प्रतिबिंब तेवढं दिसतं. उजेड सरळ समोरून काचेवर पडला, तर शंभरातले साधारण चार भाग परत फिरतात, बाकीचे आत निघून जातात. आपले हे स्फटिकही उजेड जवळपास काचेइतकाच परतवतात. मग त्या चार भागांत काय दिसावं, हे ठरवायचं आपण. बॅटरीचा ठिपका समोर असेल तर पांढरा ठिपका दिसणार आणि भोवती काहीच नाही. म्हणून काचा मेलेल्या.

“मग ठिपका मोठा करायचा,” छोटू म्हणाला.

“बरोबर. कसा?”

ह्यावर आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, पापड वाळत घालताना ऊन फार झालं तर मी वरून पंचा बांधते, तसं करा.”

पस्तीस वर्षं स्टुडिओत मी पांढऱ्या छत्र्या लावल्या, आणि ही बाई पापडांवर तेच करत होती. सूर्य केवढा मोठा? त्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर. पण तो आपल्यापासून १५ कोटी किलोमीटर लांब आहे. हात लांब करून करंगळी धरली, तर तिच्या निम्म्या रुंदीमागे तो आख्खा लपतो. म्हणून उन्हातल्या सावल्या सुरीने कापल्यासारख्या. मध्ये ढग आला की उजेड देणारी वस्तू करंगळीएवढी राहत नाही, आभाळाएवढी होते. उजेड चोहीकडून येतो आणि सावलीची धार बोथट होते. उजेड मऊ की कडक, हे दिव्याच्या जोरावर ठरत नाही. दिवा वस्तूच्या मानाने केवढा दिसतो, ह्यावर ठरतं.

खुर्चीच्या दोन हातांवर काठी टाकून पंचा टांगला आणि बॅटरी त्याच्या मागे धरली. ठिपका नाहीसा झाला. स्फटिकाच्या एका पैलूवर पंचाचं दुधाळ प्रतिबिंब आलं, शेजारचा पैलू काळा राहिला आणि दोघांच्या मधली कडा आखल्यासारखी उमटली. स्फटिकाला आकार आला : चौकोनी खांब, वर देवळाच्या शिखरासारखं टोक.

“आता त्याला आतून पेटवू.”

काळ्या कार्डपेपरची नळकांडी करून बॅटरीच्या तोंडाला बसवली, पुढे चण्याएवढंच भोक. ते भोक वरून एकाच स्फटिकाच्या टोकावर धरलं, आणि तो आख्खा स्फटिक आतून उजळला. उजेड आत शिरला की त्याला बाहेर पडायचं असतं, पण तो आतल्या भिंतीवर फार तिरका आपटला तर भिंत त्याला सोडत नाही, उलटा आत पाठवते. केसाएवढ्या काचतंतूमधून इंटरनेट गावोगाव जातं, ते ह्याच अडवणुकीच्या जोरावर. उजेड असा आतल्या आत हिंडत राहिला आणि जिथून सुटका झाली त्या पैलूवर लखलखला.

“आजोबा, आत इंद्रधनुष्य आहे!” ताईने बॅटरी जराशी कलती केली होती.

खरंच होतं. मधल्या स्फटिकात एक बारीक चीर होती आणि तिच्यात हिरवा, गुलाबी, पिवळा असे पट्टे. पन्नास वर्षं मी तो दगड पाहत होतो, हे कधी दिसलं नव्हतं. तुम्ही पावसाळ्यात ओल्या डांबरावर पेट्रोलचा थेंब सांडलेला पाहिला आहे ना, त्याची ही भावंडं. ह्या खनिजाचा स्वभाव वहीच्या पानांसारखा. एका दिशेने ते सहज सुटतं. दोन पानं जराशी विलग झाली की मध्ये हवेचा पापुद्रा राहतो, मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाहूनही पातळ. उजेडाची एक लाट पापुद्र्याच्या अलीकडच्या भिंतीवरून परतते, दुसरी पलीकडच्या. दोघींची पावलं जुळली तर तो रंग उजळतो, चुकली तर तो विझतो. पापुद्रा कुठे जाड, कुठे बारीक, म्हणून जागोजागी रंग वेगळा. तिथे रंग नावाची वस्तूच नाही, आहे ती फक्त फट.

“हे सगळं विहिरीत कुणी बनवून ठेवलं?” छोटूने विचारलं. मी खुर्ची ओढून बसलो. फोटो थांबू शकत होता.

“साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. महाराष्ट्राच्या जागी जमीन फाटली आणि लाव्हा बाहेर आला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. एक थर वाहिला, थिजला, त्याच्यावर दुसरा. आजही हा काळा खडक सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय. कळसूबाईचं शिखर, सगळे १६४६ मीटर, ह्याच थरांचं. आता आजी अनारसे तळते तेव्हा वरच्या बाजूला काय होतं?”

“जाळी पडते.”

“लाव्ह्यातही वायू असतात. ते बुडबुडे होऊन वर यायला बघतात, आणि तेवढ्यात लाव्हा थिजतो. बुडबुडे तिथेच अडकतात. विहीर खोदणारी माणसं अशा खडकाला मांजऱ्या म्हणतात आणि घट्ट खडकाला काळा फत्तर. मांजऱ्यातले बहुतेक बुडबुडे वाटाण्याएवढे असतात, एखादा रांजणाएवढा. मग त्या पोकळ्यांमध्ये गरम पाणी झिरपायला लागलं. येताना ते खडकातलं थोडं थोडं विरघळवून आणत होतं : सिलिका, कॅल्शियम, पोटॅशियम. खडीसाखर कशी करतात? पाकात दोरा सोडतात आणि भांडं हलवत नाहीत. घाई केली तर साखरेचा चुरा मिळतो, दम धरला तर खडे. इथे दम धरायला कोट्यवधी वर्षं होती. आधी पोकळीच्या भिंतीवर ह्या गुलाबी पाकळ्या धरल्या, त्यांचं नाव स्टिल्बाइट. मग त्यांच्यावर हे खांब उभे राहिले, त्यांचं नाव अ‍ॅपोफिलाइट. नाशिक, जळगाव, पुणे, इथल्या खाणींमधले असे दगड जगभरच्या संग्रहालयांत काचेच्या कपाटात बसलेत. आपला कोनाड्यात बसलाय.”

“पण नाना तर पाण्यासाठी खणत होते ना?” ताई म्हणाली.

“हो ना. बाहत्तरचा दुष्काळ. नाना दिवसभर नालाबंडिंगच्या कामावर आणि संध्याकाळी आमच्या विहिरीवर. घरात मिलो ज्वारीची लाल भाकरी. सहा परस खाली गेले तरी खडक कोरडाच. मग सुरुंगाने ही पोकळी उघडली. आई पुढे जन्मभर म्हणायची, पाण्यासाठी खणलं आणि काचा निघाल्या.”

मी जरा थांबलो. मग ताईला म्हटलं, मोबाइलवर अ‍ॅपोफिलाइट कशाचा बनतो ते शोध. तिने वाचलं : पोटॅशियम, कॅल्शियम, सिलिका, फ्लोरिन आणि पाणी.

“पाणी?”

“पाणी. ह्या स्फटिकांच्या वजनाचा जवळजवळ सहावा हिस्सा पाणी आहे. ओलावा नव्हे, तर रचनेतच एकेक रेणू घट्ट बसवलेला. पाकळ्यांमध्येही पाणी आहे. १७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेट नावाच्या शास्त्रज्ञाने पाकळ्यांच्या जातीचं खनिज फुंकणीच्या ज्योतीत धरलं, तर ते फसफसून उकळायला लागलं. दगड उकळतो म्हणून त्याने त्या जातीचं नावच उकळता दगड ठेवलं, ग्रीक भाषेत झिओलाइट. अ‍ॅपोफिलाइट तापवला तर त्याची पानं सुटतात. त्याचंही नाव त्यावरूनच पडलं.”

छोटू दगडाकडे बघत राहिला. “म्हणजे विहिरीला पाणी लागलं होतं. फक्त ते ओतता येत नव्हतं.”

आईला हे उत्तर ऐकवायला मिळालं असतं तर! तिने बहुधा त्याच्या हातात रिकामा हंडा दिला असता.

दुसऱ्या रात्रीचा फोटो मला फार आवडला. काळी शाल मागे, पंचाचा मऊ उजेड डावीकडून, मधला स्फटिक आतून पेटलेला आणि त्यात ते धनुष्य. स्टुडिओत असता तर मी काचेत लावला असता. अक्काने बराच वेळ काही लिहिलं नाही. मग फोनच आला.

“सुंदर आहे रे. सराफाच्या दुकानातल्या कॅलेंडरसारखं. पण मी पाहिला तो हा नव्हे.”

“अगं, दगड तर तोच आहे!”

“दगड तोच आहे. पण तू कुठे पाहिलास त्या रात्री? तू तापाने फणफणला होतास. तुला सकाळी उन्हात दाखवला. मी रात्री पाहिला. दिवस मावळताना सुरुंग उडवला, धूर बसल्यावर नाना कंदील घेऊन उतरले. मी वर काठावर पालथी पडून बघत होते. खाली नुसता काळोख आणि एक पिवळा ठिपका. नानांनी कंदील कपारीत घातला, आणि रे, भिंतीने डोळे उघडले.” ती थांबली. “मग यारीने पाटी वर आली. नानांनी दगड मांडीवर घेतला आणि मला म्हणाले, कंदील जवळ धर.”

तर पोरांनो, असं होतं. मी चौपन्न वर्षं स्वतःच्या डोक्यातला सकाळचा दगड खरा मानून बसलो होतो. माझ्या सगळ्या युक्त्या त्याच दगडाला शोधत होत्या.

तिसऱ्या रात्री माळ्यावरून कंदील काढला. रॉकेल नव्हतं. आजी म्हणाली, कंदिलाच्या काचेखाली तिळाच्या तेलाची पणती ठेवा, ज्योत ती ज्योतच. काच घासूनपुसून लख्ख केली. कंदील दगडाच्या उजव्या अंगाला, अर्ध्या फुटावर ठेवला, चौदा वर्षांच्या मुलीने धरला असेल तेवढ्या उंचीवर. बाकी सगळे दिवे मालवले.

आम्ही तिघंही काही बोललो नाही. पाकळ्या तूप लावल्यासारख्या पिवळ्या झाल्या होत्या. प्रत्येक स्फटिकात एकेक लहान ज्योत उभी होती. वाऱ्याने पणती हलली की सातही ज्योती एकदम हलत.

ताईने फोटो काढला आणि तोंड वाकडं केलं. मोबाइलच्या पडद्यावर दगड पांढराफटक, मागची भिंत उजळलेली, काळोखाचा पत्ता नाही. ऑफिसात टेबलावर ठेवल्यासारखा.

“हा खोटं बोलतोय!”

“त्याला वाटतं तो मदत करतोय. पणतीचा उजेड पिवळा, कारण ज्योतीत काजळीचे सूक्ष्म कण तापून लाल-पिवळे चमकत असतात. तापलेल्या लोखंडासारखं. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात : पणतीचा साधारण १९००, दुपारच्या उन्हाचा साधारण ५५००. मोबाइलला शिकवलंय की पांढरं ते पांढरंच दिसलं पाहिजे. म्हणून तो पिवळा रंग धुऊन टाकतो. आपला मेंदूही तेच करतो. अक्काच्या डोळ्यांतली भिंगं कित्येक वर्षं पिवळी होत गेली, पण मेंदू सांभाळून घेत राहिला. नवी भिंगं बसली तेव्हा तिला कळलं.”

“मग ह्याची मदत बंद करायची.”

ताईने कॅमेऱ्याचे स्वयंचलित बेत काढून टाकले. रंगाचा आकडा ५५०० वर अडकवला, म्हणजे मोबाइल समजणार की बाहेर दुपार आहे, आणि पिवळ्याला हात लावणार नाही. मग उजेड कमी करत आणला. काळोखाला काळोख राहू द्यायचं. उरली मागची भिंत. छोटूने विचारलं, शाल लावू का?

“नको. हिशोब कर. दिव्यापासून दुप्पट लांब गेलं की उजेड निम्मा नाही, चौथा हिस्सा होतो. तिप्पट लांब, नववा हिस्सा. कंदील दगडापासून अर्धा फूट आहे. दगड पुढे ओढ आणि भिंत कंदिलापासून तीन फूट लांब जाऊ दे.”

“सहापट. म्हणजे... छत्तीसावा हिस्सा.”

“झाली शाल.”

भिंत विरघळून गेली. पडद्यावर फक्त दगड उरला, तोही अर्धाच. डावीकडचे तीन स्फटिक अंधारात होते, त्यांच्या कडांची एकेक सोनेरी रेघ तेवढी दिसत होती. पस्तीस वर्षांत गिऱ्हाइकाला असा फोटो दिला असता तर त्याने पैसे परत मागितले असते.

टायमर वाजला. फोटो निघाला. आम्ही कंदील तसाच ठेवून बसून राहिलो.

“आजोबा,” छोटू हळूच म्हणाला, “पोकळी तर सगळ्या बाजूंनी बंद होती ना? मग हे स्फटिक अंधारातच वाढले?”

“पूर्ण अंधारात. स्फटिकाला वाढायला उजेड लागत नाही.”

“म्हणजे नानांनी कंदील आत घातला, त्याच्या आधी ह्यांच्यावर कधीच उजेड पडला नव्हता?”

“कधीच नाही.”

“आणि अक्काआजीने ते पाहिलं.”

मी मान हलवली. तापात झोपलेल्या त्या नऊ वर्षांच्या पोराचा मला पहिल्यांदाच राग आला.

ताईने फोटो पाठवला. दोन निळ्या खुणा उमटल्या. मग ‘लिहीत आहे’ असं दिसायचं, जायचं, पुन्हा दिसायचं. आजीने दूध आणून ठेवलं, ते गार झालं. शेवटी अक्काचं उत्तर आलं :

‘हाच. फक्त त्या दिवशी कंदिलाची काच पुसायची राहिली होती. रोज राखेने घासायचं काम माझं होतं. नाना ओरडले होते. काजळी होती, त्यामुळे एवढा लख्ख नव्हता, जरा तांबूस होता. तेवढं सोडून हाच.’

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. काजळीने निळा उजेड जास्त गिळला असणार, तांबडा त्या मानाने कमी, आणि काचेच्या डागाळलेल्या अंगामुळे ज्योतीची धारही बोथट झाली असणार. पण हे मी बोलेपर्यंत छोटूने काच उचलली होती आणि पणतीच्या धुरावर आडवी धरून हळूहळू फिरवायला लागला होता.

“अगं बाई! आत्ताच घासून दिली ना मी?” आजी म्हणाली.

ताईने मोबाइल पुन्हा गव्हाच्या पिशवीत रुतवला.